करारात प्रश्न आपला हवा



 

बल्लारपूरसारख्या कागदाच्या गावात उभं राहून करारांवर बोलायचं, यात एक सोय आहे. इथली पेपर मिल १९४५ सालची. बांबूपासून कोऱ्या रिमापर्यंतचा प्रवास इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतो. त्यामुळे परदेशी विद्यापीठाबरोबर सामंजस्य करार झाला म्हणून कुणी सही करतानाचा फोटो दाखवला, तर बल्लारपूरचा माणूस लगेच भारावत नाही. 'बरं, त्यावर लिहिलंय काय?' असं विचारतो. आज मला तेच विचारायचं आहे.

गेल्या काही वर्षांत नर्सिंग महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांवर पृथ्वीगोल आला आहे. आत 'आंतरराष्ट्रीय भागीदारी' नावाचं एक पान असतं. ते नीट वाचलं तर बहुतेक वेळा दोन गोष्टी हाती लागतात. एक, कुणीतरी पाहुणे येऊन गेले. दुसरी, आमच्या मुलींना अमुक देशात नोकरी मिळते. पहिल्या गोष्टीवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. दुसरी महत्त्वाची आहे, कारण तिच्यात घराघराचा पैसा आणि आशा गुंतलेली असते.

महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीला १०,००० तरुण पाठवायचं उद्दिष्ट होतं आणि त्यात नर्सिंगचा समावेश होता. केरळानं हा रस्ता केव्हाच रुळवलेला आहे. जायला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. इथल्या खासगी दवाखान्यात तीन वर्षं जीएनएम करून आलेल्या मुलीला काय पगार देतात, ते इथं बसलेल्या पालकांना माहीत आहे. तिनं स्टुटगार्टची वाट धरली तर तिला देशप्रेम शिकवण्याचा अधिकार त्या दवाखान्याला नाही. आणि भाषेची भीती तर आपल्या मुलींना कुणी घालूच नये. सिरोंच्याची मुलगी घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी बोलते. भामरागडची माडियातून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत येते. मुलचेऱ्याकडची बंगालीतून. चौथी-पाचवी भाषा म्हणून जर्मन आली तर त्यांना ती झेपेल. पुण्यामुंबईच्या एकभाषी मुलींपेक्षा लवकर झेपेल, असंच मला वाटतं.

पण याला भागीदारी म्हणू नका. ही भरती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात २ कोटी ९८ लाख नर्सेस आहेत आणि तरीही सुमारे ५८ लाख कमी पडतात. श्रीमंत देशांमध्ये काम करणाऱ्या नर्सेसपैकी २३ टक्के परदेशात जन्मलेल्या आहेत. म्हणजे त्यांची गरज खरी आहे. ज्या देशातून नर्सेस न्यायच्या, तिथल्या आरोग्यसेवेचा आणि शिक्षणाचाही विचार झाला पाहिजे, असं याच संघटनेच्या २०१० च्या आचारसंहितेत आहे. तो विचार करारात उतरवून घेणं मात्र देणाऱ्याच्या हातात असतं. न मागता कुणी देत नाही.

भागीदारी म्हणजे काय, याचं मला पटलेलं उदाहरण नर्सिंगच्या बाहेरचं आहे. धोंडो केशव कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. आधी त्यांनी ती बाजूला ठेवली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद भूषवायचं होतं, तेव्हा ती पुन्हा काढून वाचली आणि पुढच्याच वर्षी भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू केलं. नमुना टोकियोचा होता. पण कर्व्यांच्या डोक्यात आधीपासून वीस वर्षांचा आपला प्रश्न होता, विधवांचा आणि बायकांच्या शिक्षणाचा. म्हणून त्यांनी शिक्षण मातृभाषेतून दिलं, इंग्रजी सक्तीचा विषय ठेवला, आणि टोकियोतलं जे इथं लागू नव्हतं ते सोडून दिलं. पुढे विठ्ठलदास ठाकरसींनीही जपानला जाऊन ते विद्यापीठ पाहिलं आणि १९२० मध्ये १५ लाखांची देणगी दिली. तेच आजचं एसएनडीटी विद्यापीठ. त्याचं नर्सिंग महाविद्यालय १९६४ साली मुंबईत निघालं. आणि आता त्याच विद्यापीठाचं संकुल आपल्या बल्लारपुरात आलं आहे.

नर्सिंगच्या बाबतीत आपण असे सावध राहिलो नाही. आपलं नर्सिंग शिक्षण आलंच मुळी बाहेरून. मिरजेत वानलेसांच्या अमेरिकन मिशननं १८९७ मध्ये नर्सिंग शाळा काढली. नागपुरात स्कॉटिश मिशनचं म्यूर मेमोरियल रुग्णालय. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं पांढरपेशा घरातल्या विधवा ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवल्या, तेव्हा गावानं काय काय बोलून घेतलं! परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुणाही जातीच्या माणसाचं भांडं उचलायचं. रमाबाईंचं धैर्य मला मिशनऱ्यांपेक्षा मोठं वाटतं, कारण त्यांना त्याच पेठेत राहायचं होतं.

स्वातंत्र्याच्या तोंडावर भोर समितीनं मोजलं तेव्हा देशात सुमारे ७,००० नर्सेस होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. मग जागतिक आरोग्य संघटना, रॉकफेलर फाउंडेशन, अमेरिकी मदत असे एकामागून एक सल्लागार आले. आपल्या निवडक नर्सेस शिष्यवृत्त्यांवर अमेरिका-कॅनडात शिकून आल्या. दिल्ली आणि वेल्लोरला १९४६ मध्ये पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून पुढे आलेल्या टी. के. आद्रणवाला दिल्लीत केंद्राच्या नर्सिंग सल्लागार झाल्या. ही सगळी कर्तबगार माणसं. पण अभ्यासक्रम ज्या आजारांवर आणि ज्या वॉर्डांवर बेतला होता, ते वॉर्ड बोस्टन-टोरांटोचे होते. गावातली बाई घरी बाळंत होते, ही गोष्ट त्या पुस्तकांत पाहुणी म्हणून यायची. परदेशातून शिकून आलेली बाई पुन्हा त्याच रुग्णालयात यायची आणि तिथं डॉक्टरांच्या मागं चार पावलं चालायची. विद्यार्थिनींना वॉर्डातले फुकटचे हात समजायची आपली सवयही कुठल्या शिष्यवृत्तीनं मोडली नाही.

मग याच जंगलात काहीतरी वेगळं घडलं.

१९८२ मध्ये चंद्रपूर तोडून गडचिरोली जिल्हा झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत आले आणि 'सर्च' ही संस्था उभी राहिली.  बाल्टिमोरहून बंगांनी काय आणलं? मोजण्याची पद्धत. प्रश्न इथूनच घेतले. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं, तेव्हा बायकांचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण आणि कुटुंबनियोजन असं धरून चाललेल्या जगाला दचकावं लागलं.

मुलांच्या न्यूमोनियाचं काम तर नर्सिंगच्या प्रत्येक शिक्षिकेनं वर्गात सांगावं असं आहे. बाळ मिनिटाला किती श्वास घेतं, यावरून न्यूमोनिया ओळखतात. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ किंवा अधिक, वर्षाच्या आतलं असेल तर पन्नास. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हतं. दहा-बारापर्यंत यायचं. तिला अंकगणित शिकवत बसण्याऐवजी सर्चनं एक साधं यंत्र केलं. मिनिटाची वाळू आणि तारेवर मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं, तर औषध सुरू. निरक्षर बाईनं केलेलं निदान जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात गेलं.

आणि मग नवजात बाळं. गडचिरोलीतल्या ३९ गावांमध्ये पाच-दहा इयत्ता शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळ जन्मताना हजर राहायचं, श्वास घेत नसेल तर नळी-मास्कनं द्यायचा, वजन करायचं, ऊब द्यायची, दूध पाजायला आईला मदत करायची, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि वेळ पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं. शेवटच्या गोष्टीवरून बराच गहजब झाला. बाळाला इंजेक्शन, तेही गावातली बाई देणार? पण हजार जन्मांमागे ६२ बाळं जायची, तो आकडा तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. हे १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये छापलं गेलं. खर्चाला फोर्ड आणि मॅकआर्थर ही अमेरिकेतली प्रतिष्ठानं होती. प्रश्न, गावं, हात आणि आकडे गडचिरोलीचे. पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं २००९ मध्ये नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारनं ते काम देशभरच्या आशाताईंकडे दिलं. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस. या घरभेटींचं वेळापत्रक इथल्या प्रत्येक आशाताईला तोंडपाठ आहे. त्याचं मूळ आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे, हे किती जणींना कुणी सांगितलं?

आता जी गोष्ट मला बोचते ती बोलते. या सगळ्यात नर्सिंग महाविद्यालयं कुठं होती? आरोग्यदूत नर्स नव्हत्या. शोध डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला, काम गावातल्या बायकांनी केलं. मधला जो आमचा व्यवसाय, ज्याचं शास्त्रच मुळी शुश्रूषेचं, तो या गोष्टीत दिसतच नाही. उपकेंद्रातली एएनएम त्या काळात रजिस्टरं भरत होती. तिच्या अनुभवातून एकही प्रश्न वर गेला नाही, कारण प्रश्न विचारणं तिच्या शिक्षणात नव्हतं. आजही फारसं नाही. संशोधनाचा पेपर असतो, प्रकल्प करायचा असतो, आणि 'अमुक गावातील मातांच्या ज्ञानाचा अभ्यास' या साच्यातले प्रकल्प कपाटात साचत जातात. त्यांतला एकसुद्धा कधी त्या गावातल्या मातांना वाचून दाखवला जात नाही.

जगानं मराठी नर्सला व्यासपीठ दिलं नाही, असं नाही. कामा रुग्णालयातल्या अंजली कुलथे मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यात वीस गरोदर बायकांना सुरक्षित जागी घेऊन गेल्या, आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत बोलल्या. अंगावर काटा येतो. पण जगानं त्यांना धाडसासाठी बोलावलं. आमच्यातल्या एखादीला तिला काय कळतं ते ऐकायला बोलावतील, तो दिवस मला हवा आहे.

तो कसा येतो, याचं एक उदाहरण लंडनचं आहे, आणि विषय मात्र थेट आपला आहे: सिकलसेल. एलिझाबेथ अनिओन्वू या नर्स. सत्तरच्या दशकात लंडनमध्ये आफ्रिकी आणि कॅरिबियन घरांतून हा आजार होता, पण नर्सिंगच्या शिक्षणात त्याचा पत्ता नव्हता. समुपदेशन शिकवणारा अभ्यासक्रम ब्रिटनमध्ये नव्हता, म्हणून त्या अमेरिकेत जाऊन शिकल्या. १९७९ मध्ये लंडनच्या ब्रेंट भागात केंद्र निघालं आणि त्या ब्रिटनमधल्या पहिल्या सिकलसेल नर्स-समुपदेशक झाल्या. पुढे प्राध्यापक झाल्या, किताब मिळाले. रोग्याच्या घरी बसून ऐकणं आणि ते लिहून ठेवणं, इथून त्यांचं नेतृत्व उगवलं.

आणि तरी २०२१ मध्ये ब्रिटनच्या खासदारांच्या सर्वपक्षीय गटानं चौकशी केली, तेव्हा काय निघालं? सिकलसेलचा रोगी वेदनांनी तळमळत आला तर त्याच्यावर विश्वास बसत नाही, आणि कर्मचाऱ्यांचं या आजाराचं प्रशिक्षण अपुरं आहे. जगातल्या एका श्रीमंत आरोग्यसेवेची ही कबुली. इकडे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत कुठल्याही ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरला विचारा. सांधे धरून रडणारं पोर दारात आलं की केस पेपर निघायच्या आत तिला कळतं. लाल-पिवळं कार्ड, हायड्रॉक्सीयुरिया, लग्न ठरवताना दोन्हीकडची तपासणी, नातेवाइकांची लपवाछपवी. हे सगळं ती रोज हाताळते. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ मध्ये सुरू झालं. ती त्याच्या कितीतरी आधीपासून या कामात आहे.

मग लंडनच्या एखाद्या विद्यापीठाशी करार करायचा, तर आपण तिथं शिकायला मुली पाठवणार की त्यांच्या मुली इथं शिकायला बोलावणार? दोन्ही. पण दुसरं आधी.

आणखी एक प्रश्न माझ्या मनात पुष्कळ दिवस आहे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचं ऊन देशभर गाजतं. सिकलसेलच्या रोग्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की वेदनांचा झटका येऊ शकतो, हे पुस्तकात आहे. मग सत्तेचाळीस अंशांच्या मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या हंगामात, पहाटेपासून जंगलात फिरणाऱ्या सिकलसेलच्या बाईचं काय होतं? तिनं पाणी किती, कधी, कशातून न्यावं? कुठल्या वेळी परत फिरावं? हा शुद्ध नर्सिंगचा प्रश्न आहे. यात महागडं यंत्र लागत नाही. लागते एक चांगली वही, वजनकाटा, आणि वर्षानुवर्षं त्याच गावात जाणारी नर्स.

उन्हात अंगातलं पाणी कसं राखायचं, याचं उत्तर आता युरोपलाही हवं आहे. २००३ च्या उन्हाळ्यात तिथं उष्णतेनं सुमारे ७०,००० माणसं गेली. त्यात म्हातारी, घरात एकटी राहणारी फार. त्यानंतरचे उन्हाळेही बरे गेलेले नाहीत. म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही, म्हणून तहान नसतानाही पाजत राहायचं, हे आपली म्हातारी आजी सुनेला सांगते. पण कोणत्या वॉर्डात कोणत्या तासाला किती पाणी दिलं आणि काय फरक पडला, याची नोंद आपल्याकडे आहे का? नोंद असेल तर बाडेन-व्युर्टेंबर्गशी बोलताना आपण मनुष्यबळ पुरवणारे राहत नाही. मग टेबलाच्या दोन्ही बाजूंना शिक्षक बसलेले असतात.

केंद्रानं २०१८ मध्ये मिडवाइफरीचं धोरण आणलं. बीएस्सी किंवा जीएनएम झालेल्या नर्सला दीड वर्षाचं प्रशिक्षण, आणि शिकवणाऱ्यांना शिकवायला परदेशी अनुभवी मिडवाइफ इथं आणायच्या. ही दिशा मला आवडते. शिक्षिका आपल्या प्रसूतिगृहात उभी राहते, आपलीच गर्दी, आपलीच सासू दारात. तिलाही शिकावं लागतं. २०२३ च्या नव्या कायद्यानं जुन्या नर्सिंग कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय आयोग येतो आहे. तो जुन्याच पाट्या नव्यानं रंगवतो की अभ्यासक्रमाला हात घालतो, ते बघू.

माझी मागणी छोटी आहे. इथल्या कुठल्याही महाविद्यालयानं परदेशी करारावर सही करण्याआधी आपला एक प्रश्न लिहून द्यावा. तो प्रश्न प्राचार्यांच्या खोलीत ठरू नये. उपकेंद्रातल्या एएनएम, गटप्रवर्तक आणि तिसऱ्या वर्षाच्या मुली, यांना एकत्र बसवून ठरवावा. करारात लिहून घ्यावं की जितके दिवस आमची मुलगी तिकडे, तितके दिवस तुमची शिक्षिका इकडे. निष्कर्ष छापले तर त्यावर नर्सचं नाव असेल, आणि तेच निष्कर्ष मराठीत आणि गोंडी-माडियात गावाला वाचून दाखवले जातील. 'लॅन्सेट'च्या १९९९ च्या निबंधावर बंग पती-पत्नींबरोबर बैतुले, रेड्डी आणि देशमुख अशी त्यांच्या सहकाऱ्यांचीही नावं आहेत. हे करता येतं. आणि जी मुलगी जर्मनीला जाईल, तिला कायमची गेली म्हणून पटावरून काढू नये. पाच वर्षांनी ती सुट्टीवर येईल तेव्हा तिला एक महिना वर्गावर बोलवा, मानधन द्या. आज ती येते, दिवाळी करते, मैत्रिणींना भेटते आणि जाते. तिनं तिकडे म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेत काय शिकून घेतलं, ते इथं कुणी विचारत नाही.

यावर नागपूर-मुंबईकडच्या बैठकीत एक आक्षेप हमखास येतो. मॅडम, हे सगळं ठीक, पण परदेशी प्राध्यापक त्या जंगलात येणार कशाला? माझं उत्तर एवढंच: गडचिरोलीची पद्धत शिकायला आफ्रिकेतल्या देशांतून माणसं आली आहेत. ती चातगावाजवळच्या शोधग्रामापर्यंत पोचली. तिथं रेल्वे नाही, विमान तर नाहीच. बल्लारशाहला दिल्ली-चेन्नईच्या गाड्या थांबतात.